साचेतात्यांचा अंगठा

कुणाच्या दारात नवी मोटार आली, की साचेतात्या पेढ्याला हात लावण्याआधी तिच्या दाराच्या फटीवरून अंगठा फिरवायचे. बारामतीच्या कारखान्यात ते मोटारीच्या पत्र्याला आकार देणारे लोखंडी साचे करत आणि मी त्यांच्या हाताखाली होतो. पत्रा कुठेतरी वरखाली असायचाच आणि तिथे अंगठा अडायचा. "आपली हाय," असं म्हणून ते खुशाल हसत.

चीनचा विषय निघाला की त्यांना चेव यायचा. आपल्याकडे रस्त्यावर मोटारी धावत होत्या तेव्हा तिकडे साहेबसुद्धा सायकलवर कामाला जायचे, हे ते नव्या माणसाला हमखास ऐकवत. आम्हीही माना डोलवायचो.

अशात एकदा चीनहून पाहुणे कारखाना बघायला आले. साचे झाकून ठेवा, असं कुणीतरी म्हणालं. "पावण्यापासनं काय झाकायचं?" म्हणत तात्यांनी स्वतःच साच्यांवरची कापडं काढली. पाहुणे साच्यापाशी उकिडवे बसले. एकच कोपरा पुन्हा पुन्हा मोजत, तेच तेच विचारत राहिले. आम्ही मागे उभे राहून हसत होतो. संध्याकाळी तात्यांनी त्यांना कन्हेरीला घरी नेऊन पुरणपोळी वाढली आणि टॉवेल-टोपी-नारळ देऊन निरोप दिला.

आमचं आपलं चालूच होतं. दर खंडेनवमीला साचे धुवायचे, कुंकू लावायचं, झेंडूचे हार घालायचे आणि दुसऱ्या दिवसापासून तेच साचे तसेच वापरायचे. मग एके वर्षी चीनहून पेट्या आल्या. त्यांतले साचे स्वस्त होते, आणि सांगताना जीव तुटतो, पण चांगलेही होते. आमचा विभाग बंद झाला. जुने साचे भंगारात गेले, तेव्हा त्यांच्यावरचं कुंकू तसंच होतं.

तात्या आता इंदापूरला लेकीकडे असतात. परवा मी विजेवरची नवी गाडी घेऊन त्यांच्याकडे गेलो. गाडी तिकडचीच, चिनी. तात्यांनी फटीवर अंगठा टेकवला आणि हळूहळू खाली आणला. कुठेतरी अडावा म्हणून मी मनातून देवाला विनवत होतो. त्यांनी तो पुन्हा वर नेला, पुन्हा खाली आणला.

"कुठंच अडत न्हाय," ते म्हणाले. "त्यांनी बघून शिकून घेतलं. आमी नुसतं हार घातलं."

मी पेढ्यांचा पुडा पुढे केला. तात्या पेढा न घेताच घरात गेले.