रोज दोनदा एंटर

"काढून टाक," पाटणकर साहेब म्हणाले. "वर्षभर वॉर्निंग दिलीस. एकाची तरी तक्रार आली?"

नव्हती आली. तरी माझा हात डिलीटवर जाईना.

धामणकर नाक्यावरच्या ऑफिसात मी क्रिप्टोग्राफी लायब्ररी सांभाळायचो. म्हणजे माहितीला कुलूप लावणारी तयार फंक्शन्स. ज्याला हवी त्यानं आपल्या प्रोग्राममधून बोलवायची. त्यातली चार जुनी. ती वापरली की वर्षभर स्क्रीनवर वॉर्निंग यायची, 'हे जुनं झालंय, बदला.' त्यांचं कुलूप आता इतकं कच्चं होतं की जरा हुशार माणूस ते उघडेल. लिहिलेली मीच, म्हणून जास्त टोचत होती. ठेवली तर धोका. काढली तर वापरणाऱ्याचं काम ठप्प. नवीन व्हर्जनची सीडी आठवड्यात जाणार होती, आणि मला जेवण गोड लागत नव्हतं.

सीडी जिथे जिथे जायची तिथे तिथे फोन केले. पूर्णा गावातल्या एका गोदामाचा प्रोग्रामर नोकरी सोडून गेलेला. तिथे बाकी कोणाला काही माहीत नाही. शेवटी शेअर रिक्षा पकडली.

गोदामाच्या गेटवर म्हात्रे ताई कॉम्प्युटरवर गाड्यांचे पास काढायच्या. पास खोटा करता येऊ नये म्हणून त्यावर एक कोड छापायचा, तो आमच्या फंक्शनमधून. ताईंनी नंबर टाकला. स्क्रीनवर माझी वॉर्निंग आली. ताईंनी न बघताच दोनदा एंटर मारला.

"ताई, ते काय आलं होतं?"

"ते हाय ना, रोजच येतं. एंटर मारला का जातं."

"कोणाला सांगितलं नाहीत?"

"शेठला सांगितला. तो बोलला, गाडी थांबली न्हाय ना, मग चालू दे."

"आणि उद्या कोणी खोटा पास काढला तर?"

"पासवर माझा नाव हाय. माझ्याच गळ्यात येल." मग हळूच म्हणाल्या, "आमची जमीन या गोदामाखाली गेली, तवा ही नोकरी मिळाली. ही गेली तर काय हाय आमच्याकडं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साहेबांना सांगितलं, "काढायचीच. पण आधी तिथे नवीन बसवून येतो."

"घरचं झालं थोडं, अन् व्याह्यानं धाडलं घोडं," साहेब करवादले. पण जा म्हणाले.

चार दिवस ताईंच्या बाजूला बसून त्यांच्या प्रोग्राममधली जुनी फंक्शन्स बदलली. मगच आमच्याकडची डिलीट केली. दुसऱ्या दिवशी सकाळीच पूर्ण्याहून ताईंचा फोन.

"साहेब, आज ते आलाच न्हाय. मशीन बिघडली का?"

तेव्हापासून 'तक्रार नाही' या शब्दांवर मी विश्वास ठेवत नाही. आधी जाऊन बघतो, एंटर कोण मारतंय.