सायकल आणि खुराक

तमाम मराठी जनांना जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, मध्यप्रांत सरकारने एक होतकरू कारकून कायमचा गमावला आणि त्याला सर्वस्वी त्याचे पोट जबाबदार होते.

तो कारकून मी. सदर बाजारापलीकडच्या एका सरकारी कचेरीत हंगामी होतो. कायम होण्याआधी डॉक्टरसाहेबाची तपासणी असे. त्यात नापास झालो की नोकरी गेली. वडील नव्हते. घरात आई आणि मी, आणि चूल त्याच पगारावर पेटायची. ओळखीच्या कंपाउंडरने मला नखशिखांत न्याहाळून सांगितलं, "बाबूजी, ये पेट लेकर गए तो साहब दरवाज़े से ही लौटा देगा."

पोट उतरवायचं, पण कधी? सकाळी शिकवण्या, दिवसभर कचेरी, संध्याकाळी पुन्हा शिकवण्या. म्हणून टांगा सोडून जुनी सायकल घेतली. जाणं-येणंही होईल आणि व्यायामही. स्वतःच्या अकलेवर मी इतका खूश, की घंटी वाजवत आमच्या दीक्षितपुऱ्याच्या गल्लीत उगाच मिरवून आलो.

तिथेच घात झाला. शेजारच्या तालमीतले उस्ताद ओट्यावर बसले होते. "भैया, कसरत करोगे तो खुराक भी चाहिए. नहीं तो बदन गल जाएगा." दारात उभ्या आईने ते ऐकलं.

दुसऱ्या दिवसापासून बदाम घातलेलं दूध, तुपातला शिरा, डिंकाचे लाडू.

"आई, मला वजन उतरवायचं आहे गं."

"काहून रे? इतका पाय मारून राहिला, अन् खाणार नाही? चल, वाटी संपव."

तिने स्वतःचा दुधाचा चहा केव्हाच सोडला होता. आपल्या भाकरीला तूप लावत नव्हती. ती वाटी मी कशी परत करणार? मुकाट्याने प्यायचो. पँटचं बटण लागेना. सदरच्या चढावर सायकल हातात धरून भात्यासारखा धापा टाकायचो आणि रोज त्याच चढावर मला स्पष्ट दिसायचं, की नोकरी जाणार. कुणाला सांगायची सोय नव्हती.

तपासणीच्या दिवशी साहेबाची फीत कमरेला पुरली नाही. तो हसलासुद्धा नाही. कागदावर रेघ मारली आणि पुढच्याला बोलावलं.

उताराच्या रस्त्यानेही सायकल ढकलतच घरी आलो. आई उंबऱ्यात उभी.

"काय झालं रे?"

"नापास. साहेबाच्या लेखी हे शरीर नोकरीच्या कामाचं नाही."

तिने मला जवळ ओढून माझे दंड चाचपले, गालांवरून हात फिरवला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "मी म्हणत होती ना! त्या मेल्या सायकलीनं पार वाळून राहिला माझा लेक!"