याकूब चाचांचा धोटा

आमच्या जुन्या फुटबॉल टीमचे दोघं-तिघं कुठेही भेटले, अगदी मानकोली नाक्यावर ट्रॅफिकमध्ये अडकले, तरी पहिला विषय जुनं स्टेडियम. लूमच्या कारखान्यात सुताचा भुगा साचतो तसे हे किस्से साचलेत. सकाळी झाडा, संध्याकाळी परत तेवढेच!

*

'स्टेडियम' हा आपला मोठेपणा. मैदानाच्या एका अंगाला दगडी पायऱ्या होत्या, बस्स. मग टीमचा खर्च उचलणाऱ्या शेठनी कारखान्याचे पत्रे बदलले आणि जुने पत्रे आमच्या डोक्यावर आले. एका पत्र्याला पाइपचं भोक होतं. पहिल्याच फायनलला चीफ गेस्ट नेमके त्याच्याखाली बसले. टकलावर उन्हाचा लख्ख गोल!

आमचा कॅप्टन पद्या, शेलार गावचा. म्हणाला, "चला, फ्लडलाइट पण आली!"

*

शेठना म्हटलं, गोलला जाळी हवी. दुसऱ्या दिवशी शेठनी आपल्याच लूमवरचं कोरं कापड ताणून बांधलं. माझा बॉल त्यावर आपटून थेट मैदानात परत आला. रेफरीला वाटलं, खांबाला लागला. गोल गेला!

मी चिडलो. "शेठ, जाळीला भोकं असतात!"

"भोकवाला माल आपण पासच करत नाय!"

*

कोच होते याकूब चाचा. त्यांचा जन्म लूमवर गेला, कान तिथेच राहिले. आम्हीही बहुतेक लूमवरचेच. लोडशेडिंगमध्ये लूम बंद पडले की आमची प्रॅक्टिस. शिट्टी कुणालाच धड ऐकू यायची नाही, म्हणून चाचा तिसऱ्या पायरीवर बसून कारखान्यातल्या खुणांनी शिकवायचे. दोन मुठी जोडून झटक्यात वेगळ्या केल्या की 'धागा तुटला', म्हणजे थांबा. लूमवर धोटा या टोकाकडून त्या टोकाला पळतो, तसा हात फिरवला की 'धोटा मार', म्हणजे बॉल पलीकडच्या विंगला.

एकदा ठाण्याहून आलेला रेफरी शिट्टी फुंकून लालबुंद झाला. समोरची टीमही लूमवरचीच. चाचांनी मुठी वेगळ्या केल्या आणि दोन्ही टीम जागच्या जागी थांबल्या. हाफटाइमला रेफरी पायऱ्या चढून आला. "चाचा, मला पण शिकवा!"

*

मग रिडेव्हलपमेंट आलं. आर्किटेक्ट सावंत मॅडमनी ड्रॉइंग उघडलं. काँक्रीटचा ऐसपैस स्टँड, आणि स्टँड नि मैदानाच्या मधे धावायचा ट्रॅक. चाचांनी त्या ट्रॅकवर बोट ठेवलं.

"इतना दूर? मेरा हात किसको दिखेगा?"

चाचांना ओठ वाचता यावेत म्हणून मॅडम हळू बोलल्या. "ट्रॅकशिवाय मंजुरी नाही, चाचा. तुम्ही खाली लाइनजवळ उभे राहा ना."

"नीचे से सिर्फ पैर दिखते, बेटी. खेल ऊपर से दिखता." मग आमच्याकडे वळून म्हणाले, "नये ग्राउंड को नया कोच देखो."

मॅडमची चूक नव्हती, हे सगळ्यांना कळत होतं. पायऱ्या तुटणार याचं मला काही नव्हतं. चाचांनी टीम सोडली, ते मात्र जिव्हारी लागलं.

*

नव्या स्टेडियममधली पहिली मॅच. चाचा आले, पण प्रेक्षक म्हणून. तिसऱ्या रांगेत बसले, शेजारी सावंत मॅडम. नवा कोच लाइनवरून जीव तोडून ओरडत होता, आम्हाला ढिम्म ऐकू येत नव्हतं. एक-एक बरोबरी, शेवटची मिनिटं. उजव्या विंगला बॉल माझ्या पायात, अंगावर तिघं. सवयीने मान स्टँडकडे वळली. एवढ्या लांबून चाचा बोटाएवढे दिसत होते. हात हलतोय का, तेही कळेना.

पण त्यांच्या मागेपुढे बसलेली माणसं लूमवरचीच होती. आधी एक रांग उठली, मग तिच्या वरची, मग सगळा स्टँड! सगळ्यांचे हात या टोकाकडून त्या टोकाला.

मी न बघता बॉल पलीकडे मारला. तिथे पद्या एकटाच होता. गोल!

पद्या येऊन माझ्या अंगावर पडला. "बघ, चाचा कुठं जात न्हाय!"

त्याला बाजूला सारून मी स्टँडकडे पाहिलं. लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. सावंत मॅडमचा हात मात्र अजून या टोकाकडून त्या टोकाला चाललाच होता, आणि चाचा त्यांच्यासमोर दोन मुठी जोडून पुन्हा पुन्हा झटक्यात वेगळ्या करत होते.