उपवास करून यावे

लॅबमधून मोबाइलवर संदेश आला होता : ‘रक्ततपासणीसाठी उपवास करून यावे.’ आता उपवास म्हटला की आमच्या मुलुंडच्या घरात जे होतं तेच झालं. बायकोने साजूक तुपात साबुदाण्याची खिचडी परतली, दाण्याचं कूट सढळ हाताने घातलं. मी यथासांग उपवास केला, डुलकी काढली आणि लॅबमध्ये ऐटीत बाही वर केली.

दुपारी फोन आला. “काका, जरा येऊन जाता का?”

लॅबवाले काय वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायला बोलावतात? रिक्षात मी स्वतःची शोकसभाही उरकून घेतली. फार छान बोलत होते लोक.

तिथल्या मुलीने काचेची नळी उजेडात धरली. खाली लाल रक्त आणि वर, जिथे पिवळसर पाणी दिसायला हवं, तिथे चक्क दूध.

“हे माझं?”

“तुमचंच. डॉक्टरांना दाखवा.”

बायकोला घेऊन डॉक्टरकडे गेलो. तो माझा शाळेतला मित्र. मी मोबाइलवर काढून आणलेला नळीचा फोटो पाहून म्हणाला, “काय खाल्लं होतंस?”

“काही नाही रे, उपवास होता.”

त्याचा चेहरा उतरला. “उपाशीपोटी रक्तात एवढी चरबी? स्वादुपिंड सुजलं तर वाट लागेल.”

रिक्षातली शोकसभा पुन्हा भरली. तेवढ्यात बायको म्हणाली, “अहो, उपाशी कुठे? खिचडी दोनदा घेतलीत की!”

मित्र खुर्चीत मागे रेलून हसत सुटला. “गाढवा, तूप पाण्यात विरघळत नाही ना? म्हणून आतडं त्याचे बारीक बारीक गोळे बांधतं, वर प्रथिनांचं वेष्टन घालतं आणि रक्तात सोडतं. स्नायू हवं तेवढं जाळतात, उरलेलं चरबीच्या गोदामात. तुझी खिचडी वाटेत पकडली गेली.” मग हसू थांबवून म्हणाला, “पण उद्या खरोखर उपाशी जा. तेव्हाही दूध निघालं, तर मी हसणार नाही.”

रात्रीपासून पोटात फक्त पाणी आणि भीती.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये, रक्तातलं पाणी वेगळं करणाऱ्या यंत्रात, माझी नळी गरगरत होती. यंत्र थांबलं. मी डोळे मिटले.

“काका, झकास! एकदम स्वच्छ.”

डोळे उघडले. वर पिवळसर, नितळ पाणी. मी त्या मुलीला वाकून मुजराच केला. पण वाकताना शर्टाचं पोटावरचं एक बटण तटकन उडालं आणि कालची खिचडी कुठे पोहोचली, ते मला नळीत न बघताच कळलं.