लाल दोऱ्यांचा ताका

मी शाळेची पायरी चढले ती थेट दहाव्या वर्षी. पोलिओने एक पाय अधू झालेला, आणि मराठी शाळा उधन्याच्या रेल्वे फाटकापलीकडे. तोवर मला वडिलांनीच घरी शिकवलं. स्वतः चौथी शिकलेला माणूस, पण रुबाब हेडमास्तरचा.

वडील मिलमध्ये विणलेलं कापड तपासत. ताका उजेडात उलगडत जायचं आणि दोष दिसेल तिथे काठाला लाल दोरा बांधायचा, हे त्यांचं काम. माझा अभ्यासही ते तसाच तपासत. मी लिहिलेले कागद आई एकाला एक शिवून लांबच लांब पट्टा करी, आणि चूक सापडली की वडील तिथे काठाला दोरा ओवत. गुण नाहीत, शाबासकी नाही. मी खाडाखोड केली की म्हणत, "चूक दपाडानी नही, बाई." लपवलेला दोष गिऱ्हाइकाला सापडतोच, असं त्यांचं ठाम मत होतं.

पुढे पायाला पट्ट्यांचा बूट मिळाला, मी चालू लागले आणि आम्ही शाळेत गेलो. हेडमास्तर म्हणाले, दाखला नाही, गुणपत्रिका नाही, पहिलीतच बसावं लागेल. सहा वर्षांच्या पोरांत मी दहा वर्षांची घोडी. मला रडू आलं, त्याहून जास्त राग आला. वडिलांनी पिशवीतून कागदांचा पट्टा काढला आणि टेबलावर उलगडायला घेतला.

हेडमास्तर आधी हसले. मग त्यांनी चष्मा लावला. सुरुवातीला काठाला लाल झालर लावल्यासारखी दिसत होती, पुढे दोरे विरळ होत गेले. ते वाचत राहिले, मधूनच मला तोंडी विचारत राहिले. शेवटच्या हातभर कागदावर एकच दोरा होता.

"इथे काय चुकलं?" त्यांनी मला विचारलं.

अर्धा आणि एक तृतीयांश यांची बेरीज. मी पाच षष्ठांश लिहिलं होतं, वडिलांच्या मते दोन पंचमांश. अर्ध्यात भर घातल्यावर अर्ध्याहून कमी कसं होईल, म्हणून मी घरी कडाकडा भांडले होते, दोन दिवस अबोला धरला होता. तिथे मात्र मी गप्प राहिले. परक्या माणसासमोर वडिलांना खोटं पाडायचं नव्हतं, मग पहिलीत बसावं लागलं तरी चालेल.

"पोरीचं बरोबर आहे," हेडमास्तर वडिलांना म्हणाले.

वडिलांनी वाकून ते गणित दोनदा पाहिलं. "मग तपासणाराच चुकला, गुरुजी," असं म्हणून त्यांनी दोरा तोडला. दाराशी दोन शिक्षक उभे होते, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "मनी पोर मना पुढे गयी."

हेडमास्तरांनी मला पाचवीत घेतलं. त्याचा आनंद झालाच. पण स्वतःची चूक इतक्या ऐटीत सांगणारा माणूस माझा बाप आहे, या अभिमानाने मी तो फाटकापर्यंतचा रस्ता कुणाचा हात न धरता चालले.