पुढचा नंबर कपाटात

आमच्या मोटरसायकलला पुढे नंबर नव्हता. पुढे निळी पाटी होती आणि तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘जय भीम’. आमच्या घुग्घुसला याचं कोणाला काही वाटत नसे. खाणीची शिफ्ट सुटली की रस्त्याने जाणाऱ्या गाड्यांवर कोळशाची आणि सिमेंटची इतकी धूळ असते, की ज्यांना नंबर आहे त्यांचाही वाचता येत नाही.

नव्या नंबरप्लेटचा हुकूम निघाला तेव्हा बाबा सगळ्यांच्या आधी जाऊन आले. सरकारी कामात ते मागे राहत नाहीत. बसवणाऱ्या पोराने मागची प्लेट ठोकली आणि पुढची बसवायला म्हणून निळ्या पाटीला पाना लावला, तर बाबांनी त्याचा हात धरला. “ते राहू दे. दुसरी माह्याजवळ दे.” दुकानासमोर गाड्यांची रांग लागलेली. त्याने वाद घातला नाही, देऊन टाकली.

बाबांनी ती प्लेट रुमालात गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवली. त्याच खणात जातीचे दाखले आणि माझी डिग्री. मी म्हटलं, “बाबा, ती पुढं लावाची असते.”

“एवढी चकचकीत चीज, होलोग्रामवाली. धुळीत काऊन घालाची? मागं हाय ना एक. गाडी एक, नंबर एक.”

आमच्या घरात सरकारकडून आलेली वस्तू वापरायची नसते, जपायची असते. एका कागदासाठी किती चकरा माराव्या लागतात हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना यात हसण्यासारखं काही दिसणार नाही. मला तेव्हाही हसू आलं नव्हतं.

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. हे मी सांगते आणि सांगत राहीन. परीक्षा दिली, निवड झाली, एटापल्लीच्या एका कार्यालयात कनिष्ठ सहायक म्हणून ऑर्डर आली. डॉक्टरचा फिटनेसचा दाखला मिळायला उशीर झाला आणि रुजू व्हायची शेवटची तारीख येऊन ठेपली. त्या दिवशी कार्यालय बंद व्हायच्या आत हजर झाले नाही, तर माझी जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला जाणार. ऑर्डरमध्ये तसं स्वच्छ लिहिलं होतं.

मी बसने जाते म्हणाले. बाबांनी ऐकलं नाही. त्यांनी शिफ्ट बदलून घेतली होती, पांढरा शर्ट इस्त्री करून आणला होता. “तू खुर्चीवर बसशील ते मले पाहाचं हाय. बाकी मले काही नाई पाहाचं.”

गोंडपिपरी मागे टाकून आष्टीचा पूल ओलांडला तेव्हा आम्ही वेळेत होतो. पुढे जंगल लागलं आणि लोखंडाच्या दगडाचे ट्रक. लाल धुळीने आमचे डोळे भरले. बाबा एकेका ट्रकमागे थांबत, वाट काढत चालवत होते. मी पाठीवरची बॅग सांभाळत मनातल्या मनात वेळेचा हिशोब करत होते.

नाक्यावर बॅरिकेड होतं. बाजूला पत्र्याची शेड, खांबावर कॅमेरा. हवालदाराने हात दाखवला. झाडाखाली बंदूक घेतलेला एक तरुण जवान उभा होता.

बाबांनी गाडी थांबवली, पाटीकडे एक नजर टाकली आणि मोकळेपणाने म्हणाले, “जय भीम, साहेब.”

“जय भीम,” हवालदार म्हणाला. “पुढचा नंबर कुठी हाय?”

बाबांना खोटं बोलता येत नाही. “घरी हाय. कपाटात.”

जवान फिसकन हसला. हवालदार हसला नाही. “कपाटात? भाऊ, नंबर कपाटात ठेवाची चीज हाय का? उद्या म्हणसान, चाकं पलंगाखाली हायेत.”

“मागं हाय ना, साहेब.”

“मागं तुमची पोरगी बसली, तिची बॅग लटकली. मले काय दिसते? आन् हा कॅमेरा पाहा, कोणीकडे तोंड हाय त्याचं? समोर. हा समोरूनच फोटो घेते. या रस्त्यानं बिननंबरची गाडी म्हणजे काय, तुमाले समजते का?”

मला समजत होतं. या नक्षलग्रस्त भागात बिननंबरच्या गाडीवर कोण बसलंय, याचा पोलीस आधी वेगळाच अंदाज करतात. जवानाचं हसू थांबलं होतं. त्याने माझी बॅग उघडायला लावली. डबा, साडी, कागदांची फाईल. मग हवालदाराने ओल्या फडक्याने चेसिसवरची लाल माती पुसली, नंबर वाचला, आरसीशी ताडला, मोबाईलवर पाहिला. सगळं जुळत होतं. गाडी बाबांचीच होती.

“चलान करा, साहेब,” मी म्हणाले. “नियम मोडला, दंड लावा. आम्ही भरतो. पण आमाले जाऊ द्या. आज माझी जॉइनिंग आहे.” मी ऑर्डर त्याच्यासमोर धरली.

त्याने ती पूर्ण वाचली. तारखेवर त्याची नजर थांबली, हे मी पाहिलं.

“चलान तर होतेच. पण पुढं नंबर नसलेली गाडी इथून सोडाची नाई, असा वरून आदेश हाय. कालच एकाले सोडलं म्हणून आमच्या माणसाले ऐकून घ्या लागलं. नंबर आणा, लावा, गाडी न्या.”

“घुग्घुसहून?”

“मंग काय, माह्या घरून?”

बाबांनी हात जोडले. मला ते पाहवलं नाही. मी त्यांचा हात खाली केला. बाबा हळूच म्हणाले, “साहेब, तुमी तर आपले...”

हवालदाराचा चेहरा बदलला. “आपला हाय म्हणूनच सांगतो, भाऊ. जय भीम मीबी करतो. पण नंबरच्या जागी नाई. मंदिरवाल्याची पाटी मी काल काढाले लावली, दर्ग्यावाल्याची परवा. तुमाले सोडलं तर उद्या या नाक्यावर मले कोण काय म्हणन? कायद्यानं चाला असं ज्यायनं सांगितलं, त्यायचंच नाव तुमी कायद्याच्या जागेवर लावलं.”

मी बाबांना त्यांच्या ठेकेदारासमोर मान खाली घालताना पाहिलं होतं, पण ते वेगळं. हे ऐकून त्यांची मान खरोखरच खाली गेली.

ट्रक जात होते. धूळ उडत होती. आलापल्लीमार्गे एटापल्लीला जाणारी बस मघाशीच गेली होती. पुढची मला कार्यालय बंद झाल्यावर पोचवणार. मी भांडू शकले असते. गाडी अडकवून ठेवायला लेखी आदेश दाखवा, असं म्हणायची माझी तयारी होती, आणि बरोबर की चूक ते भांडून ठरलंही असतं. पण भांडण जिंकायला वेळ लागतो, आणि वेळच नव्हता.

बाबांनीच ठरवलं. गाडीची चावी काढून हवालदाराच्या हातात दिली. “गाडी ठेवा. पोरीले जाऊ द्या.”

“पोरीले कोणं अडवलं?” हवालदार म्हणाला. “मी गाडी अडवली.”

तो तसाच रस्त्याच्या मधोमध गेला आणि येणाऱ्या एका जीपला हात दाखवला. ड्रायव्हर घाबरून कागद काढू लागला. हवालदाराने पुढचा नंबर वाचला, मागे जाऊन मागचा वाचला, आत बसलेल्या दोन बायकांकडे पाहिलं. “कुठी चालला?”

“एटापल्ली, साहेब.”

“या मॅडमले ऑफिसच्या दारात सोडाचं. बाजारात नाई, दारात. तुहा नंबर मी पाहून ठेवला.”

मॅडम मला त्या दिवशी पहिल्यांदा कोणी म्हटलं.

“बाबा, तुम्हीपण चला. गाडी राहू द्या इथी.”

जीपमध्ये एकाच माणसाची जागा होती. तरी मी म्हणाले. बाबांनी मला हाताला धरून बसवलं. “तुह्या भावाले मघाशीच फोन केला. तो प्लेट घेऊन निघते. गाडी सोडून कसा येऊ? उद्या शिफ्टले कशावर जाऊ? तू जा, माय.” पांढरा शर्ट तांबडा झाला होता. जीप हलली तेव्हा ते मोटरसायकलपुढे उकिडवे बसून निळी पाटी स्वतःच्या हाताने सोडवत होते.

आलापल्लीनंतर रस्ता अरुंद होत गेला. एका ठिकाणी ट्रक फसला होता आणि दोन्हीकडून गाड्या खोळंबल्या होत्या. ड्रायव्हर खाली उतरून बिडी पेटवू लागला. मी त्याच्याकडे नुसती पाहत राहिले. त्याने बिडी फेकली आणि जीप सागाच्या झाडांतून, कडेच्या खड्ड्यातून घातली. मागच्या बायका गोंडीत त्याला शिव्या घालत होत्या. मी फाईल छातीशी धरून बसले होते.

कार्यालयाचा शिपाई खिडक्या लावत होता. बाबू उठून डबा पिशवीत भरत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या केसांतल्या लाल धुळीकडे पाहिलं.

“आज शेवटची तारीख होती ना तुमची? आम्ही समजलो, येत नाही आता.”

“आली आहे,” मी म्हणाले.

ते परत बसले. कागद तपासले, रुजू अहवालावर माझी सही घेतली, शिक्का मारला. मग भिंतीजवळच्या एका टेबलाकडे बोट दाखवलं. मी त्या खुर्चीवर बसले आणि तिथूनच बाबांना फोन लावला. दोनदा लागला नाही. तिसऱ्यांदा लागला.

“बसली का?”

“बसली, बाबा. खुर्चीवरूनच बोलते.”

“लाकडाची का लोखंडाची?”

“लाकडाची. हात टेकायला आहेत.”

पलीकडे ट्रक गेल्याचा आवाज आला. मग बाबांचा आवाज, माझ्यासाठी नाही, मोठ्याने, पूर्ण नाक्याला ऐकू जाईल असा. “साहेब! पोरगी लागली माही! खुर्चीवर बसली!”

आणि त्याच्यामागून हवालदाराचा: “अभिनंदन, भाऊ. बसा, चहा सांगतो. गाडी मातर नंबर आल्यावरच.”