ठिपक्यांच्या लेट्यूसचं एकच रोप

आमचे काका घड्याळं दुरुस्त करायचे. दुकान बंद केलं, पण डोळ्याला लावायचं भिंग आणि बारीक चिमटा काही सुटला नाही. फक्त चाकांच्या जागी बिया आल्या, त्याही काकूंमुळे.

तापातून उठल्यापासून काकूंच्या तोंडाची चवच गेली होती. चार महिने त्या दोन घास कसेबसे ढकलायच्या आणि उठायच्या. कपडे अंगावर ढगळ झाले होते. डॉक्टर म्हणाले, "वेगवेगळ्या चवी देऊन बघा." काकांनी हे इतकं मनावर घेतलं, की बाजारात न मिळणाऱ्या पाल्यांच्या बिया मागवल्या: आंबट सोरेल, तिखट मिझुना आणि लाल ठिपक्यांचं लेट्यूस.

मिझुना चौथ्या दिवशीच उगवलं. महिनाभराने मी एक पान चावलं, तर झणका नाकात गेला. काकू म्हणाल्या, "गवत." सोरेलने माझे दात आंबले, काकूंना तो ओला कागद वाटला. काकांचा चेहरा उतरला, पण त्यांनी पुन्हा भिंग चढवलं.

लेट्यूस मात्र उगवायचं नाव घेईना. दोनदा पेरून झालं, पाकीट संपलं. शेवटी न राहवून मी विचारलं, "पेरता तरी कसं?" त्यांनी रिकाम्या ट्रेमध्ये करून दाखवलं. चिमट्याने बी ठेवल्याचा आव आणला आणि वर बोटाच्या पेराएवढी माती दाबली.

"एवढी माती कशाला?"

"उघडं ठेवायचं? धूळ बसेल की!"

मातीतल्या बीला धूळ! मी पोट धरून हसले. चाळीस वर्षं उघडं घड्याळ झाकत आलेला माणूस, त्याचा हात दुसरं काय करणार?

त्याच आठवड्यात मिझुनाच्या ट्रेच्या कडेला एक ठिपक्यांचं रोप दिसलं. काका भिंग लावून बराच वेळ बघत राहिले. मग त्यांना आठवलं, पेरताना शिंक आली होती आणि चिमट्यातलं बी उडालं होतं. ते वरच पडून राहिलं, म्हणून उगवलं.

"याला उजेड लागतो तर," काका म्हणाले.

एकच रोप, म्हणून ते बियांसाठी राखायचं ठरलं. कुणी हात लावायचा नाही. रोप उंच गेलं, कळ्या आल्या. आणि एका सकाळी काकूंनी खालचं पान खुडून तोंडात टाकलं.

काका ओरडले, "अगं, त्याला हात लावू नको म्हटलं होतं ना!"

काकूंनी तोंड वेडंवाकडं केलं. "अहो, कडू आहे हो हे! कडूजहर!"

काकांनी एक पान तोडून चावलं. खरंच कडू होतं. त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी स्वतःच रोपाचं दुसरं पान खुडलं आणि काकूंपुढे धरलं.

"परत सांग. कसं लागतंय?"